‘मी काही लिहिलं नाही, फक्त हसलो’

पत्र:

ताई, मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, बेस्टमध्ये नोकरीला आहे. ड्युटी सुटली की मंडळाच्या पटांगणावर पोरांना कबड्डी शिकवतो. स्वतः कुमार गटापासून खेळलोय. माझा मुलगा नववीत आहे. मागच्या महिन्यात शाळेतून फोन आला. वर्गातल्या मुलांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात वर्गातल्याच एका मुलीचा गॅदरिंगमधल्या नाचाचा फोटो टाकून तिच्या अंगाबद्दल नको नको ते लिहिलं होतं, मार्क दिले होते. माझ्या मुलाने लिहिलं काही नव्हतं. ‘मी फक्त हसायचा इमोजी टाकला’ म्हणाला. माझं डोकं फिरलं. शाळेच्या गेटवरच सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही, मैदानावर येत नाही. आई म्हणते, ‘पोरगा वयात येतोय, होतं असं.’ बायको म्हणते, ‘तुमच्या मैदानावरच शिकतात हे सगळं.’ वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘शाळेत आम्ही बघतो, बाहेर तुम्ही काहीतरी करा, पोरं तुमचं ऐकतात.’ ऐकतात हे खरं, पंचवीसेक पोरं आहेत. पण त्यांना सांगू काय? मला कबड्डी शिकवता येते, हे नाही येत.

उत्तर:

प्रिय दादा,

तुमच्या पत्रात मुलगा आहे, आजी आहे, बायको आहे, बाई आहेत. ती मुलगी फक्त फोटोपुरती आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू या. ती रोज त्याच वर्गात बसते आहे, आणि कोणी काय लिहिलं, कोण हसलं हे तिला माहीत आहे. वर्गशिक्षिकांना एकदा भेटा आणि विचारा: ती शाळेत येते का, मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर कोणी असतं का, तिला या मुलांकडून काही हवंय का. मुलाला धरून तिच्या घरी मात्र जाऊ नका. पुष्कळ पालक जातात. हात जोडतात, ‘पोरांचं भविष्य आहे, सोडून द्या’ म्हणतात, आणि त्या घरावर माफ करण्याचं ओझं टाकून येतात. तिची इच्छा असली तर मुलाने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात: मी काय केलं, ते का वाईट होतं. त्यात सबब नको आणि ‘मला माफ कर’ अशी मागणीही नको. चिठ्ठी बाईंच्या हातून जावी. तिला काहीच नको असेल तर त्याने तिच्या वाटेला जायचं नाही, एवढंच.

एक गोष्ट तुमच्या पंचविसांनाही सांगायला हवी. हल्ली मोबाइलवरचं एखादं अॅप कपडे घातलेल्या फोटोचा उघडा फोटो काही क्षणांत करून देतं. अल्पवयीन मुलीचा तसा फोटो बनवणं आणि पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२चा पोक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायदा दोन्ही त्याला लागू होतात. करणारा अठरा वर्षांखालचा असला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. ‘मी नुसता फॉरवर्ड केला’ ही तिथे सुटका नसते. तुमच्या मुलांचा ग्रुप त्या टोकाला गेला नाही. त्या वाटेवर मात्र तो होता, हे त्यांना कळू दे.

आता तो इमोजी. तुम्हाला तो लहान वाटतो की मोठा, हे पत्रावरून कळत नाही. एका बाजूला तुम्ही ‘लिहिलं काही नव्हतं’ म्हणता, दुसऱ्या बाजूला त्यासाठी मारता. मला तो मोठा वाटतो, कारण असे ग्रुप हसणाऱ्यांच्या जोरावर चालतात. लिहिणारा एखादाच असतो, तो बाकीच्यांच्या हसण्यासाठी लिहितो. पहिल्या दिवशी कोणीच हसलं नसतं तर दुसऱ्या दिवशी मार्क देण्याइतकी मजल गेली नसती. पण तुमचा मुलगा का हसला असेल? आठवी-नववीच्या मुलांशी बोलताना मी एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते: ‘नाही हसलो तर माझ्यावरच येतं.’ मग त्याला नावं ठेवतात, ‘तुझी कोण लागते ती’ म्हणतात, ग्रुपमधून काढतात. चौदा-पंधराव्या वर्षी ग्रुपमधून निघणं म्हणजे काय, हे आपण मोठी माणसं विसरून जातो. तो नीच म्हणून हसला असं मला वाटत नाही. घाबरून हसला असावा. त्याने त्याची चूक कमी होत नाही. पण नीचपणावरचा आणि भीतीवरचा उपाय एक नसतो, म्हणून हे आधी समजून घेतलं पाहिजे.

आणि तुमची थप्पड. ती चूक होती, दादा. त्याला एका मुलीची अब्रू जपायला शिकवायचं होतं, आणि त्याने बघितलं काय, तर मोठा पुरुष शरमला की चारचौघांत हात उचलतो. तुम्ही आधी त्याची माफी मागा. सविस्तर भाषण नको. ‘गेटवर सगळ्यांसमोर तुला मारलं, ते माझं चुकलं. पुन्हा करणार नाही.’ इथे थांबा. ‘पण तू पण...’ हे त्याच वाक्याला जोडू नका, नाहीतर माफी फुकट जाईल. ग्रुपवर काय झालं ते दुसऱ्या दिवशी बोला, आणि समोरासमोर बसवून नको. बसने किंवा चालत कुठेतरी जाताना बोला, म्हणजे त्याला तुमच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. मुलं अशी शेजारी बसून जास्त बोलतात. त्याला विचारा, ‘ते वाचून तुला आत काय झालं होतं?’ उत्तर लगेच नाही आलं तर रेटू नका.

त्याच्या गप्प बसण्याकडे मात्र लक्ष असू द्या. झोप, जेवण, अभ्यास पार विस्कटला, वस्तू वाटून टाकायला लागला, ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलला, तर वाट बघत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्या झाल्या, त्यातले शंभरातले साधारण ७२ पुरुष होते. कर्ज, बेकारी, दारू, घरातली भांडणं अशी कारणं पुष्कळ असतात. पण ‘पुरुषाने कोणाकडे रडायचं नसतं’ ही शिकवण त्यातल्या प्रत्येक कारणाला जास्त जीवघेणी करते, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या बायकोचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला त्यात तथ्य दिसतं. तुमच्या पटांगणावर मी आलेली नाही, पण मुंबईतल्या मैदानांवर खूप वेळ उभी राहिलेय. चढाईला गेलेला पोरगा बिचकला की बाहेरून काय ओरडतात? ‘बांगड्या भरल्यास का?’ ‘बायल्या साला.’ ‘पोरीसारखा काय पळतोस?’ ओरडणाऱ्याच्या मनात मुलींबद्दल वाईट असतंच असं नाही. त्यालाही त्याच्या सरांनी असंच ओरडून शिकवलेलं असतं. पण दहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रोज संध्याकाळी हे ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होते, की मुलीसारखं असण्याहून वाईट जगात काही नाही. तिथून मुलीच्या फोटोला मार्क देणं फार लांब नाही.

आणि म्हणूनच बाईंचंही बरोबर आहे. मुलगा कसा पुरुष होणार हे तो उपदेशातून ठरवत नाही. ज्या पुरुषांच्या नजरेत भरावं म्हणून तो धडपडतो, ते काय बोलतात आणि कशावर गप्प राहतात, यावर ते ठरतं. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला तुमचे पंचवीस जण खिडकीबाहेर बघत असतील. तुम्ही मात्र नुसतं ‘शाब्बास’ म्हणालात की आठवडाभर हवेत असतात. ही ताकद बाईंकडे नाही, माझ्याकडेही नाही.

हे मुंबईत आधी करून बघितलेलं आहे. ‘परिवर्तन’ नावाचा एक उपक्रम इथल्या शाळांच्या क्रिकेट प्रशिक्षकांबरोबर झाला, गोवंडीच्या शिवाजीनगरसारख्या वस्तीतही झाला. अमेरिकेत खेळाच्या प्रशिक्षकांसाठी बनवलेला कार्यक्रम इथे क्रिकेटसाठी बदलून घेतला होता. प्रशिक्षकांनी सरावाला जोडून थोडा वेळ मुलांशी बोलायचं: मुलींबद्दल वापरले जाणारे शब्द, राग, जबरदस्ती, मित्र चुकत असेल तेव्हा काय करायचं. नंतर तपासणी झाली तेव्हा मुली आणि स्त्रियांबद्दलच्या मुलांच्या विचारांत फरक पडलेला दिसला. प्रत्यक्ष वागण्यातला, म्हणजे मित्राला तिथल्या तिथे अडवण्यातला फरक तितका स्पष्ट नव्हता. हे मुद्दाम सांगते. दोन महिन्यांत पोरं साधुसंत झाली नाहीत म्हणून तुम्ही नाउमेद व्हाल, ते नको. विचार आधी हलतात. वागणं मागून येतं, आणि त्यासाठी त्याचाही सराव लागतो, जसा तुम्ही पकडीचा घेता.

दुसरा अनुभव महापालिकेच्या शाळांमधला. २००८च्या सुमारास मुंबईतल्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर ‘जेम्स’ नावाचा कार्यक्रम झाला. चेंबूरची कोरो ही संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था त्यात होत्या. काही शाळांत आठवडाभराची मोहीम झाली, खेळ, स्पर्धा, नाटुकली वगैरे. काही शाळांत मोहिमेबरोबर वर्गात बसून नियमित चर्चाही झाली. बदल जास्त दिसला तो चर्चा झालेल्या शाळांत. तुमच्या मंडळाला कोणीतरी सुचवेलच की महिलादिनाला फ्लेक्स लावू, पाहुणे बोलावू. लावा हवं तर. पण त्याला काम झालं असं समजू नका.

मग करायचं काय? मैदानावरचे ते तीन-चार शब्द आजपासून बंद, आधी तुमच्या तोंडून. पोरांना कारण सांगून बंद करा: ‘मी पण हे म्हणायचो, आता म्हणणार नाही, तुम्ही पण नाही.’ पोरगा बिचकला तर काय चुकलं ते सांगा. मागचा पाय उचलला नाहीस, कोपऱ्याकडे बघितलंच नाहीस, दम आधीच सोडलास. खेळही सुधारेल. लागल्यावर कोणी रडला तर रडू द्या. बर्फ लावा, बाजूला बसवा, बाकीच्यांना खेळवत राहा. मुलांची ताकद, जिद्द, अंगावर माती घेण्याची हौस यातलं काहीही काढून घ्यायचं नाहीये. त्यांना त्याचा अभिमान असू द्या.

सराव संपला की अंग मोकळं करताना पोरं जमिनीवर बसलेली असतात. ती दहा मिनिटं मला तुमच्याकडून हवीत, आठवड्यातून एकदा. एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तर पहिलं तुम्ही द्यायचं. ‘सगळे हसले म्हणून मीही हसलो, पण आतून बरं वाटलं नाही, असं तुमच्याबरोबर कधी झालंय?’ तुम्ही डेपोतला किंवा लहानपणचा एखादा खरा प्रसंग सांगा. पहिल्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही, एकदोघं खिदळतील. चालेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी कोणीतरी बोलेल, बहुधा ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती तो. त्याने सांगितलेलं तिथेच राहील याची हमी द्या. एकच अपवाद सांगून ठेवा, कोणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावंच लागेल.

मित्राला अडवायचं कसं, याची वाक्यंही त्यांच्याकडूनच तयार करून घ्या. ‘स्त्रियांचा आदर करा’ असं कोणताही पंधरा वर्षांचा मुलगा ग्रुपवर लिहिणार नाही. पण ‘भाई, काढ ते’ लिहील. ‘आपल्या वर्गातली आहे यार, बस कर’ लिहील. तेवढीही हिंमत नसेल तर टाकणाऱ्याला वेगळा मेसेज करेल, किंवा निदान हसणार नाही. दोघांनी ठरवून एकत्र बोललं तर आणखी सोपं जातं. कबड्डीत एकट्याने चढाईपटू अडवण्यापेक्षा साखळीने अडवणं बरं, हे तुमच्या पोरांना समजावून सांगावं लागणार नाही.

त्यांचे दुसरेही प्रश्न येतील. शरीराचे, मोबाइलवर बघितलेल्या घाण व्हिडिओंचे. ते दटावून परतवू नका. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली याच मुंबईतून लैंगिक ज्ञानासाठी मासिक सुरू केलं होतं. शंभर वर्षं होत आली, आणि झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही एवढी साधी गोष्ट आपला नववीतला मुलगा अजून चोरून मोबाइलला विचारतो. तिथे त्याला आधी गोळ्या विकणारा भेटतो, मग बायकांना ‘काबूत ठेवायला’ शिकवणारा कोणी रील्सवाला. तुम्हाला उत्तर येत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणा आणि खरोखर विचारून सांगा. वस्तीतले डॉक्टर एखाद्या संध्याकाळी येतील. पुरुषांबरोबर हेच काम करणारी ‘मावा’ ही संस्था १९९३पासून मुंबईत आहे, तरुण मुलांना तयार करून त्यांच्यामार्फत बाकीच्यांशी बोलण्याची तिची पद्धत आहे. तिच्याशी संपर्क साधा.

आता अवघड भाग, आणि तो पोरांचा नाही. तुमच्या पटांगणाला लागून कट्टा असेल. तिथे तुमच्या वयाचे, तुमच्याहून मोठे, मंडळाचे पदाधिकारी बसत असतील. क्लासवरून येणारी मुलगी समोरून गेली की तिथे काय होतं? कोणी काही बोललं आणि तुम्ही खाली बघून बुटाची लेस बांधलीत, तर पंचवीस जणांनी ते बघितलेलं असतं. तुमची दहा मिनिटं त्या एका गप्प बसण्यात वाहून जातात. तेव्हा ‘ए, पोरं बघतायत, नको’ एवढं म्हणा. भांडण काढायची गरज नाही, पण ऐकू जाईल असं म्हणा. वर्गणी, उत्सव, वर्षानुवर्षांची मैत्री यात हे किती जड जातं याची मला कल्पना आहे. तरी या सगळ्या पत्रात मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागायची म्हटली तर हीच मागेन.

पटांगणावर मुलींचा सराव आहे का? नसेल तर सुरू करा. जागा नाही म्हणू नका. आठवड्यातले दोन दिवस चांगली वेळ त्यांची, अंधार पडण्याआधीची. मुलगी पट्टीची पकड करते हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या मुलाला वेगळं व्याख्यान लागत नाही. पण बायका-मुलींना पटांगणावर पाय ठेवायला सुरक्षित वाटलं पाहिजे, आणि ते बघणं आधी तुमचं काम आहे. गणपतीत महाप्रसादाची भांडी कोण घासतं, तेही बघा. यंदा कुमार संघाला लावा, तुमच्यासकट.

शाळेकडे जाऊ. मुलींना मासिक पाळीची माहिती द्यायची असली की मुलांना मैदानावर पिटाळतात, अजूनही. मुलांना त्यातून कळतं की तिकडे काहीतरी लाजिरवाणं चाललंय आणि त्याचा आपल्याशी संबंध नाही. पालक-शिक्षक संघात हा विषय काढा. मुलांशी बोलायला फक्त बाईंना पुढे करू नका, पी.टी.चे सर आणि बाकीचे पुरुष शिक्षकही बसू देत. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात ऑगस्ट २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलग्यांना लहानपणापासून शिकवण्याची गरज बोलून दाखवली होती, ते सांगितलंत तर तुमच्या म्हणण्याला वजन येईल. २०२२च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारा. ज्या मुलांनी ग्रुपवर लिहिलं त्यांना नुसतं काढून टाकू नये, असंही सुचवा. निलंबित मुलगा घरी बसून तोच मोबाइल बघतो. त्याला शाळेत ठेवून त्याच्याबरोबर काम करणं कठीण आहे, पण बाकीच्या मुलींच्या दृष्टीनेही तेच जास्त कामाचं आहे, फक्त त्या मुलीला त्याच्या शेजारून वावरावं लागणार नाही अशी व्यवस्था आधी करून.

आईंच्या ‘होतं असं’वर वाद घालू नका. त्यांचं आयुष्य ‘होतं असं’ म्हणत गेलं असेल. तुम्ही एवढंच म्हणा, ‘आई, तुझ्या बाबतीत असं कोणी केलं असतं तर?’ आणि गप्प राहा. बायकोला मात्र सांगा की तिचं म्हणणं तुम्हाला पटलं. पहाटे पाणी कोण भरतं, ताट कोण उचलतं, मुलाच्या डब्याची काळजी कोणाला असते, यातलं थोडं तुम्ही आणि थोडं त्याने उचललं तर मैदानावरच्या बोलण्याला घरातून आधार मिळेल.

मुलाला मैदानावर ओढून आणू नका. माफीनंतर एकदा सांगा, ‘सराव नेहमीच्या वेळेला आहे, वाटलं तर ये.’ आला तर त्याचं उदाहरण करून दाखवू नका, ती दहा मिनिटं त्याच्या प्रसंगावर घेऊ नका, बाकीची पोरं टोमणा मारतील तिथे लगेच थांबवा. नाहीच आला, त्याला कबड्डीच सोडायची असली, तर सोडू द्या. तुमचा मुलगा राहायला त्याने खेळाडू असण्याची गरज नाही, आणि हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

आणि हो, सखी सावित्री समितीबद्दल नुसतं तोंडी विचारू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आणि त्याची पोच घ्या.